नॉर्वेच्या चर्चवह्या घरबसल्या: ‘डिजिटालार्किवेट’ वापरून पाहाच

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांच्या लूथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळींचा, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समूहांचा, इतिहास मुंबईत बसून अभ्यासणाऱ्यांनी नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘डिजिटालार्किवेट’ ही ऑनलाइन सेवा आधी उघडावी. चर्चवह्यांची, म्हणजे चर्चने ठेवलेल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांची, स्कॅन केलेली पानं तिथे मिळतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही.

विस्कॉन्सिनमधल्या मस्किगोचंच घ्या. मंडळी १८४३ ची, लाकडी चर्च १८४४-४५ मध्ये बांधलेलं. १९०४ मध्ये ते मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात, सेमिनरीच्या (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाच्या) आवारात हलवलं. अशा मंडळीच्या नोंदीत नाव मिळालं की नॉर्वेतल्या मूळ गावच्या चर्चवहीत गाव सोडून गेलेल्यांची यादी काढायची.

घोळ होतो तो नावांत. ओलेचा मुलगा तो ओल्सन, त्यामुळे ‘ओले ओल्सन’ ढीगभर. मागे शेतवाडीचं नाव लागतं, पण माणसाने वाडी बदलली की तेही बदलतं! म्हणून जन्मतारीख आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) हाताशी हवीच.

स्कॅन केलेली पानं नावाने शोधता येत नाहीत: पॅरिश, मग वर्ष, मग एकेक पान उलटा. जुन्या गॉथिक वळणाचं हस्ताक्षर वाचायला मोडीइतकीच चिकाटी लागते. पानावरून कुणी टंकून ठेवलेली नोंद मिळाली तरी मूळ पानाशी ताडून घ्या, वाचनाच्या चुका असतात. लोकलमध्ये मोबाइलवर हे जमणार नाही, मोठा स्क्रीनच हवा.