एकच दिवस असेल तर शार्त्र की आमियां?

पॅरिसच्या मुक्कामातला एक दिवस बाहेरच्या एखाद्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, कॅथीड्रलसाठी राखून ठेवला असेल, तर निवड बहुधा शार्त्र आणि आमियां या दोन नावांशी येऊन अडते. शार्त्रची गाडी मोंपार्नास स्टेशनवरून सुटते, आमियांची गार द्यू नॉरवरून; दोन्हीकडे साधारण सव्वा ते दीड तासात पोचता येतं. दोन्ही वास्तू मुख्यतः तेराव्या शतकातल्या, दोन्ही युनेस्कोच्या यादीत. तरीही ‘कुठलंही एक पाहिलं की झालं’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

शार्त्रला जायचं ते काचांसाठी. ११९४ मध्ये आग लागली तेव्हा तिथलं जुनं चर्च जवळजवळ सगळं जळालं, पश्चिमेची दर्शनी बाजू आणि तळघर तेवढं वाचलं. त्यानंतर पाव शतकाच्या आसपास आजच्या इमारतीचा मोठा भाग उभा राहिला. पावणेदोनशेच्या घरात खिडक्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या रंगीत काचा बाराव्या-तेराव्या शतकातल्याच आहेत. युरोपात इतका मोठा मूळ संच जागच्या जागी टिकल्याची उदाहरणं फार थोडी. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या, म्हणून आज दिसतात. निळ्या रंगासाठी प्रसिद्ध असलेली ‘बेल व्हेरिएर’, म्हणजे मांडीवर बाळ येशू घेतलेली मेरी, चुकवू नका. तिचा मधला भाग आगीच्याही आधीचा आहे. त्याहून जास्त वेळ मी खालच्या खिडक्यांना देईन. संतांच्या कथांच्या पायथ्याशी तिथे पाव विकणारे, चांभार, सुतार, पाणी वाहणारे आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. राजघराण्याची चिन्हं आणि पाणक्याची घागर एकाच इमारतीच्या काचेत उतरली, हे मला त्या काळातलं फार मोठं धाडस वाटतं.

एवढ्या खिडक्या शक्य झाल्या त्या बाहेरच्या फ्लाइंग बट्रेसमुळे. छताचा बाहेर रेटणारा भार हे दगडी टेकू पेलतात, त्यामुळे भिंतीला तो एकटीने सोसावा लागत नाही. शार्त्रच्या कारागिरांनी या भरवशावर मधल्या मजल्याची रुंद गॅलरी गाळली आणि वरच्या खिडक्या खालच्या कमानींइतक्या उंच नेल्या. हीच रचना पुढे रँस आणि आमियां इथल्या कॅथीड्रलांनी उचलली.

आमियांचं काम १२२० मध्ये सुरू झालं. रोबेर द लुझार्श हा पहिला वास्तुकार, त्याच्यानंतर तोमा द कोर्मों आणि त्याचा मुलगा रनो. ही नावं आपल्याला कळतात, कारण ती इथल्या जमिनीवरच्या चक्रव्यूहाच्या मधोमध कोरलेली होती. शार्त्रचं छत जमिनीपासून सुमारे ३७ मीटर, आमियांचं ४२ मीटरहून थोडं जास्त, आणि मधलं दालन मात्र शार्त्रपेक्षा अरुंद. म्हणून आत पाऊल टाकताच मान आपोआप वर जाते. इमारत कशी उभी राहते याची ज्याला ओढ आहे, त्याने आमियांलाच जावं. रेषा इतक्या स्वच्छ आहेत की छताच्या बरगडीपासून खांबापर्यंत भार कसा उतरतो हे पुस्तकाविना समजतं. जर्मनीत १२४८ मध्ये सुरू झालेल्या कोलोनच्या कॅथीड्रलने हाच नमुना समोर ठेवला. मूळ काचा मात्र इथे बहुतांशी गेल्या आहेत. शार्त्रसारखा रंगीत उजेड शोधत आलात तर निराश व्हाल.

त्या उणिवेची भरपाई दगड आणि लाकूड करतात. पश्चिमेच्या दर्शनी भागावर डोळ्यांच्या उंचीला छोट्या कोरीव चौकटी आहेत: बारा राशी आणि प्रत्येक महिन्याचं शेतकाम. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली राशींची गोल काचखिडकी पाहिली असेल, तर हा विषय ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक पुनरुज्जीवनाने तो मुंबईपर्यंत आणला. गायकवर्गाच्या लाकडी आसनांवर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरलेल्या हजारो आकृती आहेत. त्यांना घाईत बघू नये.

शार्त्रबद्दल एक वाद ठाऊक असावा. २००९ नंतर आतल्या भिंतींवरची शतकांची काजळी काढून त्यांना मूळचा फिकट रंग दिला गेला, आणि जुना गूढ अंधार गेला म्हणून अनेकजण हळहळले. मला काम योग्य वाटतं; बांधणाऱ्यांना काळोखी गुहा नको होती, उजेडच हवा होता.

पहिल्यांदाच गॉथिक पाहणार असाल तर माझं मत शार्त्रला, आणि तेही स्वच्छ उन्हाच्या दिवशी, छोटी दुर्बीण घेऊन. आभाळ भरलेलं असेल किंवा शिल्प नि स्थापत्य हाच तुमचा विषय असेल, तर आमियां. उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास रात्री आमियांच्या दर्शनी भागावर रंगीत प्रकाशझोत टाकून मूर्तींचे पूर्वीचे रंग दाखवतात. त्या दिवसांत जात असाल तर आधी खेळाची वेळ बघा, मग परतीची गाडी ठरवा.