हिटर चांगला, पण त्याला काचेवर धरणाऱ्या दोन रबरी कपांनी आमचा सकर मासा भाजला (५ महिन्यांनंतर)

नोव्हेंबरात माश्यांच्या टँकसाठी हा २०० वॉटचा हिटर घेतला तेव्हा पाचपैकी चार स्टार देऊन मोकळी झाले होते, जानेवारीत ते एकवर आणले, आता मार्च संपत आलाय आणि राग जरा उतरलाय म्हणून नीट लिहायला बसले. काचेची नळी, ऑटो कट, तापमानाचं बटण हे सगळं बॉक्सवर आहेच, ते परत सांगत नाही.

आम्ही नाशिकचे. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की बातमी होते, पण आमच्या हॉलमधल्या टँकचं पाणी पहाटे १८ वर येतं त्याची बातमी कोण देणार? टँक तीन फुटी आहे, दगड-वाळू धरून साधारण ११० लिटर पाणी बसतं. त्यात चिक्या, म्हणजे आमचा सकर, चार वर्षांचा, सात इंच झालाय. पोराने हौसेने दोन इंचाचा आणला होता, दुकानदाराने हा फूटभर होतो हे सांगितलं नव्हतं, आणि पोरगं हॉस्टेलला गेल्यावर मासा माझ्या गळ्यात. (मोठा झाला म्हणून गोदावरीत सोडायचा विचार कुणी करू नका, उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात आता हेच सकर येतात.) दक्षिण अमेरिकेतला मासा, त्याला २४ ते २८ लागतं, म्हणून हिटर. सासूबाई अजून म्हणतात, "माणसं गार पाण्याने आंघोळ करतात आणि माश्याला बंब."

पहिले दोन महिने तक्रार एकच, विजेची. डिसेंबरात रोज आठेक तास चालत होता, म्हणजे १.६ युनिट, महिन्याला ४८. मग टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावला, वरचं झाकण नीट बसवलं, तर पाच तासांवर आला. हे आधीच करायला हवं होतं, हिटर घ्यायच्या आधी. तापमान मात्र तो चोख धरतो, मी उगाच संशय घेऊन दुसरा थर्मामीटर आणला तर माझा जुनाच दीड डिग्री चुकीचा निघाला.

आता मुख्य मुद्दा. संक्रांतीच्या आसपास चिक्याच्या डाव्या अंगावर पांढरा पट्टा दिसला. काकडी टाकली तर आला नाही, आणि चिक्या काकडीला येत नाही म्हणजे काहीतरी झालंय हे घरात सगळ्यांना कळतं. फोटो काढून दुकानात गेले. दादा फोटो न मोठा करताच म्हणाले, "फंगस आहे ताई, मिथिलीन ब्लू टाका, वर मूठभर मीठ." मी मीठ टाकलं नाही, कारण सकरला मीठ फार सोसत नाही हे ऐकून होते, पण निळं औषध टाकलं, तेही अख्ख्या टँकमध्ये. ही माझी चूक. वेगळ्या टबात मासा काढून द्यायला हवं होतं. औषधाने फिल्टरमधले, माश्याच्या घाणीतला अमोनिया संपवणारे चांगले जंतू मारले, टँकच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं झालं, आणि चौथ्या दिवशी चिक्या वर येऊन हवा गिळायला लागला, कल्ले भराभर हलत होते. टेस्ट किटने अमोनिया १ पीपीएम दाखवला, जो शून्य असायला हवा. आमच्या सोसायटीत कधी मनपाचं तर कधी बोअरचं पाणी, पीएच ८ च्या आसपास, आणि जास्त पीएच आणि गरम पाण्यात अमोनिया आणखी विषारी होतो. म्हणजे जखम एक होती, आता दुसरं दुखणं मी लावून दिलं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून दीड वाजता मोबाइलचा टॉर्च मारला. हिटरचे दोन्ही कप काचेवरून सुटलेले, हिटर वाळूवर आडवा पडलेला, लाल दिवा चालू, आणि चिक्या त्याच्यावर डावी कूस टेकून बसलेला, मांजर चुलीपाशी बसतं तसा. थंडीत ऊब शोधतो, आणि सकरची जात कशालाही तोंडाने चिकटून बसते, त्यात चटका लागला तरी हलत नाही. सकाळी पट्टा नीट बघितला तर त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती आणि रुंदी बरोब्बर त्या नळीएवढी. मग लख्ख झालं.

ज्यांना कधी असं दिसलं त्यांच्यासाठी सांगते, फंगस कापसासारखा असतो, पाण्यात त्याचे धागे हलतात. रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके असतील तर तो इक (Ich), म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्याला वेगळं औषध, आणि ते माश्याच्या अंगावर असतानाच्या जंतूवर चालत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हा मरतो म्हणून बरेच दिवस द्यावं लागतं. आणि चपटा, फिक्का, सरळ कडेचा डाग असेल, कड जरा गुलाबी, तर आधी हिटर कुठे आहे ते बघा. भाजलेल्या कातडीवर नंतर फंगस येऊ शकतो, म्हणून दादा अगदी शंभर टक्के चुकले असंही नाही, पण फोटो मोठा करायला काय जात होतं?

उपचार काय केला तर फारसा काहीच नाही. हिटर बंद करून वर काढला (पाणी बदलताना गरम हिटर उघडा पडला तर काच तडकते). औषध ओढून घ्यायला फिल्टरमध्ये कार्बन घातला, एअर पंप पूर्ण जोरात लावला, आणि रोज ३० टक्के पाणी बदललं, अँटिक्लोरीन घालून, बादलीतलं पाणी टँकएवढं कोमट करून. आठव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला. दहाव्या दिवशी रात्री दोडक्याची चकती ठेवली होती, सकाळी नुसती साल उरलेली. मी भाजी चिरता चिरता ओरडलेच. सहा आठवड्यांत कातडी काळी झाली, पण मधली फिकट रेघ आहे, ती हाडाच्या खवल्यांवरची खूण आहे, ती बहुतेक राहणारच.

आणि मग कंपनी. नाव लिहीत नाही, कारण हेच कप दुकानात चार वेगवेगळ्या नावांच्या बॉक्समध्ये बघितलेत. हिटर साडेआठशेचा, वॉरंटी सहा महिन्यांची. कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "सक्शन कप कन्झ्युमेबल आहे मॅम, वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं कन्झ्युमेबल म्हणजे दोन महिन्यांत? त्या म्हणाल्या गरमीने कडक होतात. अहो हिटरला लावायचा कप गरमीने कडक होतो हे कंपनीला आज कळलं का? वर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर त्यावर बसतो तो वेगळाच. शेवटी कपाची जोडी चाळीस रुपयांना देऊ म्हणाल्या, कुरिअर ऐंशी. चाळीसच्या रबरासाठी ऐंशीचं कुरिअर, मी फोन ठेवला.

यांनी दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, ड्रिलने भोकं पाडली, भरपूर पाडली, नाहीतर आतलं पाणी फिरत नाही आणि हिटर लवकर कट होतो. हिटर त्यात घातला आणि पाइप वरून नायलॉनच्या झिप टायने झाकणाच्या पट्टीला बांधला, म्हणजे कपांची गरजच नाही. भंगारातला पाइप, टाय पाच रुपयांचे. रेडिमेड गार्ड दीडशेला मिळतो असं नंतर कळलं, आणि खरं सांगायचं तर तोच घ्यायला हवा होता, पाइप फार कळकट दिसतो, पण आता बदलत नाही कारण चिक्याला तो आवडलाय.

पाच महिन्यांनंतर तीन स्टार देतेय. तापमान अजून एका डिग्रीच्या आत राहतं, काचेला ओरखडा नाही, मध्ये दोनदा वीज गेली आली तरी आपोआप सुरू होतो. दोन स्टार कापलेत ते त्या कपांचे. काल उत्सुकता म्हणून उरलेला एक जुना कप ओल्या काचेवर दाबून बघितला, चहा गाळून होईपर्यंत खाली पडला होता. पाइपवर चिक्या बसून होता, डावी कूसच टेकून.