परळची प्रयोगशाळा की अकादमींची फेलोशिप?

१८८६ मध्ये स्थापन झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला उन्हाळ्यात संशोधन शिकायचे असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिप. यात दुसऱ्या संस्थेतील मार्गदर्शकाकडे दोन महिने काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. मात्र अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो व निवड चुरशीची असते.

दुसरा मार्ग आपल्याच महाविद्यालयातील एखाद्या विभागात प्राध्यापकांच्या हाताखाली काम करण्याचा. येथे विद्यावेतनाची अपेक्षा धरू नये. परंतु शेजारच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात गाय, घोडा, कुत्रा असे नाना प्रकारचे रुग्ण येत असल्याने संशोधनाचा प्रश्न प्रत्यक्ष आजारातूनच सुचतो, आणि सुट्टी संपली तरी परवानगीने नमुने गोळा करण्याचे काम चालू ठेवता येते, जे दोन महिन्यांच्या परगावच्या मुक्कामात क्वचितच साधते.

रेण्वीय जीवशास्त्राची, म्हणजे डीएनए, प्रथिने अशा पेशींतील रेणूंच्या अभ्यासाची, ओढ असणाऱ्याने फेलोशिपसाठी जरूर प्रयत्न करावा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र मी आधी परळच सुचवेन, कारण नोंदवही नीट ठेवण्याची शिस्त (आणि ती फार थोड्यांना असते) घरच्या प्रयोगशाळेत निवांतपणे अंगवळणी पडते.