शीटचा पसारा आवरताना: हाइड की स्क्रोल एरिया?

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम असतात. तुमचा तक्ता ४० ओळी आणि ८ कॉलमांचा असला, तरी भरणारा माणूस स्क्रोल करता करता कुठल्या कुठे पोचतो आणि भलत्याच सेलमध्ये आकडा टाकतो. तक्त्याबाहेरची वाट बंद करायची असेल, तर उरलेलं हाइड करा किंवा स्क्रोल एरिया, म्हणजे जेवढ्यातच फिरता येईल असा चौकोन, ठरवून द्या.

फाइल दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर हाइडच करा, असं माझं ठाम मत आहे. ४१व्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक करा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण, मग कंट्रोल-९. कॉलमांसाठी 'आय'वर क्लिक, कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण आणि कंट्रोल-०. फाइल सेव्ह केली की ही मांडणीही तिच्यासोबत जाते, मॅक्रोची (एक्सेलकडून काम आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) गरज पडत नाही.

स्क्रोल एरियात काहीच लपत नाही. बाहेरचे सेल दिसले तरी त्यांवर क्लिक होत नाही. ऑल्ट-एफ११ दाबून व्हीबीए एडिटर (मॅक्रो लिहायची खिडकी) उघडायचा आणि त्या शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्क्रोलएरिया'समोर ए१:एच४० लिहायचं. वापरायला छानच, पण फाइल बंद केली की एक्सेल ही मर्यादा विसरतं. ती टिकवायची तर फाइल उघडताच चालणारा मॅक्रो लिहावा लागतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस आता मुळातच अडवतं, म्हणजे समोरच्याला बहुधा अख्खी शीट मोकळीच मिळणार. शिवाय चौकोन एकच आणि सलग हवा. स्वतःच्या संगणकावरच्या डॅशबोर्डसाठी मात्र हा मार्ग मला जास्त आवडतो.

हाइड करताना बेरजेकडे लक्ष ठेवा. मधल्या ओळी लपवल्या तरी 'सम' त्यांतले आकडे धरतंच. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर 'सबटोटल' वापरा आणि त्यात पहिला आकडा ९ऐवजी १०९ लिहा. लपवलेल्या कॉलमांना मात्र हा उपाय लागू नाही.

गुप्ततेसाठी यांतलं काहीही वापरू नका. अख्खी शीट निवडून अनहाइड करायला क्षणही लागत नाही. कुणाचा पगार लपवायचा असेल तर तो कॉलम त्या फाइलमध्ये असूच नये.

गुगल शीट्समध्ये हा प्रश्न बराच सोपा आहे. नवी शीट १,००० ओळी आणि २६ कॉलमांची असते. नको ते डिलीट केलं की खरोखर जातं आणि पुढे लागलं तर पुन्हा जोडता येतं. एक्सेलमध्ये डिलीट केलेल्या ओळींच्या जागी लगेच नव्या रिकाम्या ओळी येतात.