गांधार ट्यूनिंगची पेटी: आठ महिन्यांनंतर

माझी खर्ज-नर सुरांची (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या सुरांचे दोन संच असलेली) साधी पेटी आठ महिन्यांपूर्वी काळी एकला, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून, गांधार ट्यूनिंग करून घेतली; यात गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराशी जुळवतात. घरी येऊन सा आणि गंधार एकत्र दाबले, तर पेटी बिघडली की काय असंच वाटलं. इतक्या वर्षांची सवयीची थरथर गायब!

गणित असं. सोयीसाठी सा 240 कंपनांचा धरा. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार साच्या 5/4 पट, म्हणजे 300. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, प्रत्येक सूर मागच्याच्या 1.0595 पट, त्यात गंधार 302.4 वर जातो. अडीच कंपनं कोण मोजतंय? कान मोजतो. प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वरही वाजतात. साचा पाचवा उपस्वर 1200, या गंधाराचा चौथा 1209.5, आणि दोघं सेकंदाला साडेनऊ वेळा एकमेकांवर आपटतात; हीच ती थरथर. पंचमात मात्र फरक जेमतेम, त्यासाठी कुणी पैसे खर्चू नयेत.

सूर लावताना ट्यूनिंगवाल्या काकांनी विचारलं, "धैवत गंधाराशी जुळवू की रिषभाशी?" गंधाराला सा मानून त्याचा मध्यम धरला तर धैवत साच्या 5/3 पट, रिषभाला सा मानून त्याचा पंचम धरला तर 27/16. मी यमन-भूप जास्त वाजवतो, म्हटलं गंधाराशी. भूपात ग-ध आता असे काही मिळतात की भाता हलवायचं विसरायला होतं.

त्याची किंमत तिसऱ्या महिन्यात कळली. एक पाहुणे गवई काळी दोनचे. म्हणजे माझा रिषभ त्यांचा सा, आणि माझा धैवत त्यांचा पंचम. 3/2 हवा तिथे 40/27! पंचम इतका उतरलेला की त्यांनी तान अर्धवट सोडून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून साथीला मित्राची जुनी पेटी नेतो.

दरबारी रागाचा आंदोलित (हळूवार झुलणारा) गंधार याही पेटीत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) तर नाहीच. ती अपेक्षा ठेवून करू नका. शिवाय सूर चढवायला आतली सुराची पितळी पट्टी टोकाशी घासतात, उतरवायला मुळाशी; घासलेलं पितळ परत येत नाही. तेव्हा आधी आपला सा पक्का करा. घरात एक जण काळी एक आणि दुसरी काळी चारला गात असेल, तर दुसरी पेटी घ्या किंवा हा नाद सोडा.

मला पुन्हा करायचं झालं तर करीन, आणि धैवतही गंधाराशीच जुळवीन. फक्त मित्राच्या पेटीचा गंधार आता फार चढा लागतो. त्याला सांगितलं, तर म्हणाला, आजवर तर तुला चालत होता.