नडगीवरची रिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः नटांबद्दल

इलिझारोव्ह रिंग (पायाबाहेरची धातूची कडी, हाडातून आरपार तारांनी धरलेली आणि आट्यांच्या रॉड-नटांनी एकमेकींना जोडलेली) पायात असताना दुखतं, झोप लागत नाही, पँट चढत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी तक्रार नटांची आहे आणि ती छोटी नाही.

पू झालेलं, मेलेलं हाड कापून काढलं की नडगीत पोकळी राहते. ती भरायला वरच्या हाडाला काप देतात आणि आठवडाभरानंतर तो तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा असतो. तेही एका दमात नाही, ०.२५ चे चार हिस्से करून. रॉडच्या आट्यांत १ मिलिमीटर अंतर, म्हणून एका वेळी नटाचा पाव फेरा.

पण साध्या फ्रेमचा नट सहा बाजूंचा. पाव फेरा म्हणजे दीड बाजू! रात्री लाईन गेलेली, मोबाईलच्या उजेडात दीड बाजू कोण मोजणार? कोणी एक फिरवतं, कोणी दोन. दर वेळी एकच फिरली तर दिवसाला जेमतेम ०.६७ मिलिमीटर, आणि काप दिलेली जागा वेळेआधीच जुळून बसायची भीती. मग पुन्हा काप. दर वेळी दोन फिरल्या तर १.३३: नवं हाड विरळ पडतं, बोटांना मुंग्या येतात, पंजा खाली ओढला जातो.

काही रॉडना चौकोनी, खुणांचा नॉब असतो. एक बाजू म्हणजे नेमका पाव फेरा. असा रॉड मिळतो हे घेण्याआधी कोणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग आहे. बिलावर नुसतं 'रिंग सेट'.

यावर स्वस्त उपाय आहे. नटाच्या एका कोपऱ्यावर नखपॉलिशचा ठिपका द्या, शेजारी रिंगवर घड्याळाच्या १२, ३, ६, ९ च्या जागी खुणा करा आणि ठिपका एका खुणेवरून पुढच्या खुणेवर न्या. किंवा डॉक्टरांना विचारून दिवसात सहा वेळा एकेक बाजू फिरवा; बेरीज तीच येते. पाना १० नंबरचा, दोन लागतात. मोटारसायकलच्या पेटीतले चालतात, नवे घेऊ नका; साबणाने धुऊन वेगळे ठेवा. रिंगच्या दोन्ही बाजूंना नट असतो: आधी रिंग जिकडे सरकवायची तिकडचा, म्हणजे पुढचा नट सैल, मग मागच्याला पाव फेरा, मग पुढचा घट्ट. एक रॉड राहून गेला तर रिंग तिरकी होते, म्हणून वहीत रॉडवार खूण करा. नागपूर किंवा सेवाग्रामहून एसटीने परतल्यावर सगळे नट पुन्हा तपासा, हादऱ्याने सुटतात.

तारा कातडीत शिरतात तिथल्या ड्रेसिंगबद्दल मात्र माझं मत आता वेगळं आहे. आधी वाटायचं, महागड्या औषधाशिवाय भागणार नाही. आता म्हणेन, अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि स्वच्छ गॉज, बहुतेक दिवस एवढं पुरतं. कापूस नको, धागे तारेला गुंडाळतात. तिथे पू होण्याचं खरं कारण बहुतेकदा तारच असते. १.८ मिलिमीटरची तार १३० किलोपर्यंत ताणलेली असते. टिचकी मारली की एकतारीसारखी वाजते. आवाज भद्द आला तर ती सैल आहे, कातडी घासते, पू धरते. नुसत्या गोळ्या खाऊ नका, ताण द्यायला दवाखान्यात जा.

पू नसेल, हाडाच्या टोकांना भरपूर गाठ आली असेल आणि तरी जुळत नसेल, तर रिंगच्या मागे लागू नका. हाडाच्या आत आधीच रॉड असेल, तर तो काढून, हाडातली नळी रुंद करून १-२ मिलिमीटर जास्त जाड रॉड टाकला तर बरेचदा जमतं. तिथे हाडाला फक्त घट्ट आधार कमी पडलेला असतो.

खर्रा पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि नडगीच्या पुढच्या अंगाला आधीच मांस नाही. वावरात जाऊ नका, पण घरात डॉक्टरांनी सांगितलेला भार टाकून चाला. खाटेवर पडून हाड पक्कं होत नाही. पंजा रोज पट्ट्याने वर ओढा.

वेळेचा हिशेब: पोकळीच्या दर सेंटिमीटरला एक ते दीड महिना. तुकडा खाली टेकतो तिथे बरेचदा कमरेच्या हाडाचा चुरा टाकावा लागतो, त्या ऑपरेशनचे पैसे आणि सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधीच विचारा. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेत मिळून नव्या हाडाच्या चारपैकी तीन कडा भरलेल्या दिसल्याशिवाय रिंग काढायची घाई करू नका, आणि काढल्यावर ब्रेस किंवा प्लॅस्टर सांगितलं असेल तर ते पूर्ण मुदत वापरा.