लाख डिझाईन्सचं बंडल घेतलं आणि चार महिने मशीनला दोष देत बसले

हे लिहायला उशीरच झालाय खरं तर, पण परवा परत एम्ब्रॉयडरी डिझाईन्सच्या बंडलची तीच जाहिरात समोर आली, विकणाऱ्याचं नाव वेगळं, फोटो तेच, म्हणून आता लिहूनच टाकते. ज्यांनी नवीन एम्ब्रॉयडरी मशीन घेतलंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. यात पैसे फार गेले नाहीत माझे, दुसरंच बरंच काही गेलं.

मी घरी शिवणकाम बऱ्याच वर्षांपासून करते, पिशव्या, अभ्रे, मुलांचे कपडे असं. एम्ब्रॉयडरी मशीन मात्र नवीन, छोटंच, १०० बाय १०० मिमी हुपवालं (हुप म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट). सुरुवातीला मशीनमध्ये आधीच असलेली फुलंपानंच शिवत होते आणि ती छान यायची, हे लक्षात ठेवा, कारण मी नेमकं तेच विसरले. मग बहिणीला बाळ होणार म्हणून पांघरुणाच्या कोपऱ्यात ससा करायचं डोक्यात आलं, आणि ससा शोधताना ती जाहिरात दिसली. एक लाखाहून जास्त डिझाईन्स, म्हणजे मशीनला टाके कुठे घालायचे ते सांगणाऱ्या फाईल्स, सगळे फॉरमॅट, सगळ्या साईज, वर कमर्शियल लायसन्स. चांगली दोन-तीन डिझाईन्स सुटी घ्यायला जेवढे लागतात तेवढ्यात अख्खं बंडल. आणि वर फोटो त्या सशाचा. काय सुंदर शिवला होता तो, कानाच्या आत दोन छटांचा गुलाबी, डोळ्यात पांढरा ठिपका, कापडाला एक चुणी नाही, खालच्या कोपऱ्यात कापायचा राहिलेला जांभळ्या दोऱ्याचा एक तुकडा पण दिसत होता त्यामुळे फोटो खरा वाटला. फोटो खराच होता, पण तो कोणाचा ते पुढे सांगते.

पैसे भरले, लिंक आली, डाउनलोडला अख्खी रात्र गेली. लगेच विकणाऱ्याचा मेसेज, पाच स्टार द्या आणि आणखी दहा हजार डिझाईन्स बोनस मिळवा. आणि मी दिले. एकही डिझाईन शिवून न बघता "खूप छान कलेक्शन" असं लिहून मोकळी झाले. सगळ्यात जास्त वाईट मला याचंच वाटतं, कारण माझा रिव्ह्यू वाचून पण कोणीतरी घेतलं असेल.

फोल्डर उघडले तर एकच फुलपाखरू वेगवेगळ्या नावांनी चाळीस ठिकाणी. एक डिझाईन उघडायचं सॉफ्टवेअर पण फुकट टाकलेलं, ते सुदैवाने मी इन्स्टॉल केलं नाही. ससा पीईएसमध्ये, म्हणजे माझं मशीन वाचतं त्या फॉरमॅटमध्ये होता, पेनड्राईव्हवर घेतला, मशीनच्या स्क्रीनवर आला तर अंग हिरवं आणि कान निळे. म्हटलं असेल काहीतरी, दोरे तर आपणच लावणार आहोत ना.

पहिला ससा साध्या सुती कापडावर लावला. दहा मिनिटांत दोरा तुटला. परत ओवला, परत तुटला. खाली बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) बाजूला दोऱ्याचा गोळा झाला, तो कापून काढला, परत सुरू केलं, आणि मिनिटाला ४०० टाक्यांच्या मशीनवर एका सशाला तोडातोडीसकट जवळजवळ दोन तास लागले. झाल्यावर हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा कडक, आजूबाजूचं कापड ओढलं जाऊन चुण्या पडलेल्या, आणि आऊटलाईन एका बाजूला सरकलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की तुमच्या मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, चेक करा, बाकी सगळ्या ग्राहकांकडे नीट येतंय.

या एका वाक्याने माझे चार महिने घेतले. मी नवीन होते, मला वाटलं माझंच चुकतंय. सुई ७५/११ ची ९०/१४ केली, दोरा बदलला, कापडाखाली आधाराला लावतात तो स्टॅबिलायझर टिअर-अवेचा (फाडून काढायचा) कट-अवे (कापून काढायचा) केला, मग त्याचे दोन थर, वरचं टेन्शन कमी-जास्त, आणि शेवटी बॉबिन केसचा तो छोटा स्क्रू पण फिरवला जो सहसा हलवायचा नसतो. मग होजिअरी कापडाच्या झबल्यावर लावला तर कानाच्या जागी चक्क भोक पडलं. रात्री सगळे झोपल्यावर बसायचे आणि रडकुंडीला येऊन मशीन बंद करायचे. पांघरुणाच्या खऱ्या कापडावर लावला त्या दिवशी तर डोळ्याच्या भागात सुई मोडली, मोडताना सुईखालच्या प्लेटवर आपटली, आणि तिथे चरा पडला. त्यानंतर मशीनमधली फुलं पण नीट येईनात, कारण दोरा त्या चऱ्यात अडकून तुटायला लागला. तोवर मशीन ठीक होतं हो! बिघडवलं ते या फाईलने आणि मी फिरवलेल्या स्क्रूने. बाळ आलं, पांघरूण साधंच दिलं, ससा नाहीच.

ओळखीतल्या एक ताई डिजिटायझिंग करतात, म्हणजे चित्रावरून अशा फाईल्स बनवतात, त्यांच्याकडे शेवटी सगळे नमुने घेऊन गेले. त्यांनी कापड बोटांत वाकवून बघितलं फक्त आणि म्हणाल्या, "अगं टेन्शनचं सोड, फाईल दाखव." फाईल उघडली, मग त्याच सशाची १३० बाय १८० हुपची फाईल पण उघडायला सांगितली. मोठा ससा १७० मिमी उंच, टाके २४,३१६. छोटा ससा ९५ मिमी उंच, टाके २४,३१६. एकही कमी नाही!

तेव्हा मला कळलं काय झालंय ते. आपल्या ४० नंबरच्या दोऱ्यासाठी भरावाच्या दोन ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर ठेवतात. मोठी फाईल नुसती दाबून अशी जवळजवळ अर्ध्यावर आणली की टाके तेवढेच राहतात पण ते अंतर ०.२२ मिमीवर येतं, मग सुई भरलेल्या दोऱ्यातच परत परत घुसते, दोरा झिजतो, तुटतो, सुई वाकते. सॅटिनची, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांची, पट्टी मोठ्या सशात दीड मिमीची असेल तर छोट्यात एक मिमीपेक्षा कमी होते, डोळ्याचं तेच झालं होतं. मनापासून काम करणारा माणूस प्रत्येक साईज वेगळी बनवतो, टाके नव्याने मोजून, खालचं अंडरले (भरावाआधी घालायचे आधाराचे टाके) बदलून, बारीक तपशील काढून टाकून. आणि हिरव्या सशाचं कारण पण त्यांनीच सांगितलं, मूळ फाईल डीएसटी नावाच्या फॉरमॅटची असणार. त्या फॉरमॅटमध्ये टाके असतात आणि रंग कुठे बदलायचा ते असतं, पण कुठला रंग ते नसतं, त्यामुळे पीईएस करताना कुठलेही रंग बसले. आणखी वीसेक फाईल्स बघितल्या आम्ही, बऱ्याच अशाच दाबलेल्या, आणि काही तर एखादं चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकून आपोआप टाके करून घेतलेली, अंडरलेच नाही त्यांना.

मग ताईंनीच तो सशाचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. जांभळ्या दोऱ्यासकट तोच फोटो एका डिझायनरच्या दुकानात निघाला, बाई एकेक डिझाईन स्वतः बनवून, स्वतः शिवून, फोटो काढून विकतात. मी त्यांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की ही फाईल कुठल्याही बंडलमध्ये विकायची परवानगी त्यांनी कोणालाच दिलेली नाही, आणि असे मेसेज त्यांना बरेच येतात, त्यात लोक त्यांनाच बोलतात की तुमचं डिझाईन खराब आहे. मला खरंच लाज वाटली, कारण माझ्याकडेही चोरीचा माल होता. आणि ते कमर्शियल लायसन्स म्हणजे नुसतं नक्षीची बॉर्डर असलेलं एक पान होतं, त्यावर डिझायनरचं नावच नाही. जे डिझाईन विकणाऱ्याचं नव्हतंच त्याचं लायसन्स तो देणार कुठून? माझी एक मैत्रीण याच फाईल्सवर पिशव्या करून विकायच्या विचारात होती, वेळेत थांबली.

पैसे परत मागितले तर डिजिटल वस्तू परत घेत नाही म्हणाला, मग फोटो आणि टाक्यांचे आकडे पाठवले तर ब्लॉकच केलं. पेमेंटवाल्यांकडे तक्रार केली पण मुदत निघून गेली होती, चार महिने टेन्शन बघत बसले ना मी. म्हणून सांगते, काही खटकलं तर पहिल्याच आठवड्यात तक्रार टाका, मशीन तपासायला नंतर वेळ आहे. रिव्ह्यू मात्र बदलता आला, पाचाचा एक केला आणि सगळं लिहिलं, दोन दिवसांनी ते पानच गायब झालं.

नवीन डिझाईन घेताना आता मी आधी एकच मागते, वेगवेगळ्या साईजचे टाके किती ते सांगा. जो खरा असतो तो लगेच सांगतो, बहुतेक वेळा पानावर लिहिलेलंच असतं. मिळालेली फाईल आधी कॉम्प्युटरवर इंक/स्टिच या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, ते फुकट आहे आणि त्यात टाका-टाका पडताना दिसतो. ते जमत नसेल तरी मशीनच्या स्क्रीनवर साईज आणि टाक्यांचा आकडा येतो, तेवढा तरी बघा. आणि पहिला नमुना टाकाऊ कापडावर, ज्या कापडावर शेवटी करायचंय त्याच प्रकारच्या. शंका आली तर मशीनमधलं एखादं डिझाईन त्याच सुईदोऱ्यावर लावून बघा, ते नीट आलं तर मशीनला आणि स्वतःला दोष देऊ नका. एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांत सुचली नाही.

मशीनची प्लेट आणि बॉबिन केस बदलून घेतली, टेन्शन मेकॅनिककडून सेट करून घेतलं. त्या डिझायनर बाईंकडून तोच ससा विकत घेतला, १०० हुपचा. टाके १०,४००. अर्ध्या तासात शिवून झाला, दोरा एकदाही तुटला नाही, कापड मऊच राहिलं. भाची आता बसायला लागलीये, तिच्या झबल्यावर आहे तो.

परवाच्या जाहिरातीत आता दोन लाख डिझाईन्स म्हणतायत. सशाच्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात जांभळ्या दोऱ्याचा तुकडा दिसतोय का ते बघा, तो त्या बाईंचा फोटो आहे, आणि त्या फक्त सुटी डिझाईन्स विकतात.